आमच्या घरी टीव्ही येतो

परदेशात दहा-अकरा वर्षं काढूनही घरात टीव्ही नाही असं सांगितलं की भारतातली माणसं दोनच प्रकारांनी बघतात. पहिल्या प्रकारची म्हणतात, "अरे वा! म्हणजे वाचन भरपूर होत असेल." दुसऱ्या प्रकारची काही बोलत नाहीत, पण 'पगार वेळेवर होतो ना याचा?' हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. खरं कारण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. पीएचडी करताना एक खोली, एक खाट आणि एक लॅपटॉप एवढाच संसार होता. सिनेमा लॅपटॉपवर, बातम्या लॅपटॉपवर, आईशी बोलणं लॅपटॉपवर आणि प्रबंधही त्याच लॅपटॉपवर. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, चिरंजीव आले, भाड्याचं का होईना पण जिना असलेलं घर आलं. लॅपटॉप मात्र स्टुलावर होता तिथेच राहिला. तिघं जण चौदा इंची पडद्यासमोर डोकी जुळवून बसायचो आणि मधल्या माणसाला सगळ्यात चांगलं दिसायचं. मधला माणूस अर्थात चिरंजीव.

मी नोकरीत प्रकाश मोजतो. म्हणजे एखाद्या पृष्ठभागावरून किती प्रकाश येतो, कुठल्या रंगाचा येतो, कुठल्या कोनात येतो, हे मोजायची उपकरणं बनवणाऱ्या गटात काम करतो. अशा माणसाने टीव्ही घ्यायला निघणं म्हणजे सोनाराने लग्नाच्या बाजारात जाऊन इमिटेशनचे दागिने बघण्यासारखं आहे. घेणार तेच, पण आधी सगळ्यांची डोकी खाणार. माझ्या बायकोने दीड महिना ते सहन केलं. आज तुमची पाळी.

निमित्त झालं आई-बाबांच्या येण्याचं. इथे, म्हणजे इंग्लंडात, पाहुणा म्हणून येणाऱ्याला एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. दोघं ऑक्टोबर अखेरीला येणार आणि होळीच्या सुमारास परत जाणार असं ठरलं. तिकिटं निघाली आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण त्यांना वर्षातल्या सर्वात वाईट महिन्यांत बोलावतोय. शेफील्डमध्ये डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आम्ही दोघं आठला घर सोडतो, चिरंजीव नर्सरीत. सांगलीत ज्या माणसांच्या दाराशी दिवसभरात किमान सहा जण 'आहात का घरात?' म्हणून येऊन जातात, ती दोन माणसं एका परक्या घरात, बाहेर बारीक पाऊस पडत असताना, आठ तास काय करणार? आईच्या डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर वाचवत नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ते त्यांना मान्य नाही.

"टीव्ही घेऊ या," मी म्हणालो.

"आपण त्यांना भेटायला बोलावतोय की टीव्हीसमोर बसवायला?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनियर माणूस उत्तर नसलं की तांत्रिक बाजूकडे वळतो, तसा मीही वळलो.

ज्या देशात हा टीव्ही घ्यायचा होता, टीव्हीची सुरुवातच तिथे झाली हा एक गमतीचा भाग. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरच्या एका माडीवर, जॉन लोगी बेअर्ड नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने काही शास्त्रज्ञांना हलतं चित्र दूरवर पाठवून दाखवलं. भोकं पाडलेली फिरती तबकडी आणि तीस ओळींचं चित्र! तीस! आज दुकानात जो साधा फोरके टीव्ही मिळतो त्यात २१६० ओळी असतात. बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी सुरू केली ती २ नोव्हेंबर १९३६ ला. आपल्याकडे दिल्लीत प्रयोग सुरू झाला १९५९ मध्ये आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. बाबा तेव्हा शाळेत होते, आणि सांगलीत चित्र दिसायला पुढे बरीच वर्षं गेली.

तर टीव्ही घ्यायचा म्हटल्यावर इथे पहिला प्रश्न येतो तो इंचांचा नाही, लायसनचा. होय, इंग्लंडात टीव्ही बघायला अजून लायसन लागतं. १९४६ साली ते दोन पौंडांना सुरू झालं, एप्रिल २०२५ मध्ये त्याची वार्षिक फी १७४.५० पौंड झाली. कृष्णधवल टीव्हीसाठी वेगळं, स्वस्त लायसनही आहे आणि ते घेणारी माणसं अजून शिल्लक आहेत! आपल्याकडेही पूर्वी रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागायचं. आजोबांचं ते छोटं पुस्तक बाबांनी अजून कपाटात जपून ठेवलंय.

इथल्या लायसनची गंमत अशी की ते यंत्रावर नाही, बघण्यावर आहे. टीव्ही घरात असला म्हणून लायसन लागत नाही. त्यावर तुम्ही संगणकातल्या फायली बघा, डीव्हीडी बघा, नेटफ्लिक्सवरचे सिनेमे बघा, एक पैसा नाही. पण कुठलाही कार्यक्रम तो प्रसारित होत असताना थेट बघितला की लायसन हवं. मग तो टीव्हीवर बघा, मोबाइलवर बघा, इंटरनेटवरून बघा. बीबीसीचं आयप्लेयर मात्र थेट असो वा नंतर, सप्टेंबर २०१६ पासून लायसनशिवाय चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाहिनी परदेशी असली तरी नियम तोच.

आता हे आईच्या मालिकेला लावून बघा. महाराष्ट्रात रात्री आठला लागणारी मालिका इथे हिवाळ्यात दुपारी अडीचला येते. अडीच वाजता वाहिनी थेट लावली तर कायद्याने लायसन लागणार. तोच भाग संपल्यावर ॲपवर येतो, तो तीन-साडेतीनला लावला तर लायसन नको. म्हणजे २०२५ च्या दराने त्या पाऊण तासाची किंमत वर्षाला १७४.५० पौंड! मी हे फोनवर आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे मग मी नंतर बघीन की. मालिकेत पाऊण तासात काय होतंय? महिना-महिना काही होत नाही."

लायसनचा निर्णय तात्पुरता बाजूला ठेवून मी इंचांकडे आलो.

टीव्ही किती मोठा घ्यावा याचं उत्तर दुकानात मिळत नाही, घरात टेप घेऊन मिळतं. आमच्या सोफ्यापासून समोरची भिंत साधारण अडीच मीटर. चांगली नजर असलेल्या माणसाला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात डोळ्याशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन व्हावा लागतो. अडीच मीटरवर याचा अर्थ पाऊण मिलीमीटरला जरासं कमी, ०.७३ मिमी. पंचावन्न इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले तर एक ठिपका ०.६३ मिमीचा. म्हणजे आमच्या सोफ्यावरून फुल एचडीचेच ठिपके दिसत नाहीत. फोरकेचे, त्याच्या निम्म्या मापाचे ठिपके दिसायचा प्रश्नच नाही. पाटीवर एटके लिहिलेला टीव्ही आमच्या खोलीत आणायचा असेल तर त्यासोबत गरुडाचे डोळेही आणावे लागतील.

मग फोरके घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण दोन वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे या मापात दुसरं फारसं मिळतच नाही. दुसरं म्हणजे संगणक जोडला की माणूस कधीतरी जवळ जाऊन अक्षरं वाचतो आणि अक्षरांच्या कडांना ते ठिपके कामी येतात. माप मात्र मोठं घ्यावं, कारण आईच्या डोळ्यांना ठिपके नकोत, मोठं अक्षर हवंय. जे माप आम्हाला 'जरा जास्तच' वाटत होतं ते तिच्यासाठी बरोबर होतं. म्हणून पंचावन्न.

पुढचा प्रश्न पडद्याच्या जातीचा. दुकानातल्या पाट्यांवर इतकी आद्याक्षरं असतात की एमपीएससीची यादी वाचतोय असं वाटतं. पण मुळात जाती दोनच. एकात मागे दिवा असतो आणि पुढचे स्फटिक तो प्रकाश अडवतात किंवा सोडतात, तो एलसीडी. एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी ही सगळी त्याचीच भावंडं, फरक फक्त मागच्या दिव्यात आणि रंग देणाऱ्या थरात. दुसऱ्यात प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो, तो ओएलईडी. काळा रंग हवा तर ठिपका सरळ विझतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या चित्रासारखं चित्र नाही, हे मी मोजून सांगतो. पण संगणकाची खालची पट्टी, वाहिनीचा कोपऱ्यातला शिक्का अशी न हलणारी चित्रं त्यावर तासन् तास राहिली तर काही वर्षांत त्याची सावली कायमची उमटू शकते. टीव्हीचा मुख्य उपयोग संगणकाचा पडदा म्हणून आणि शिवाय एकच वाहिनी रोज चार तास... मी ओएलईडीला लांबून नमस्कार केला.

एलसीडीतही पुन्हा दोन पोटजाती. एकीत काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. दुसरीत काळा जरा करडा, पण कुठूनही बघा, रंग तेच. इंटरनेटवरचे जाणकार पहिलीच घ्या म्हणतात. ते जाणकार बहुधा एकटे राहतात. आमच्याकडे आई सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसणार, बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, चिरंजीव सतरंजीवर आडवे आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून येता-जाता. आम्ही दुसरी घेतली.

'एचडीआर' या शब्दावर एक मिनिट. पडद्याची चमक 'निट' या एककात मोजतात. आपल्या जुन्या साध्या व्हिडिओचं चित्र साधारण १०० निटचा पडदा धरून बनवतात. एचडीआर चित्रं १००० किंवा त्याहून जास्त निट धरून बनवलेली असतात. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पण पडदा जेमतेम तीनशे निट देतो. म्हणजे तो एचडीआर चित्र ओळखतो, दाखवू मात्र शकत नाही. गाणं कळतं पण म्हणता येत नाही, अशा रसिकासारखा. आम्हाला तसा रसिक चालणार होता.

आता माझ्या खऱ्या काळजीचा विषय. बाबा सोबत एक हार्ड डिस्क आणणार होते. २००४ साली मिरजेला माझ्या आत्याचं लग्न झालं, त्याचं शूटिंग गावातल्या फोटो स्टुडिओने केलं होतं, आणि मग डीव्हीडी करून दिल्या होत्या. बाबांनी त्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांचे फोटो आहेत, पण हलते-बोलते आजोबा फक्त त्या तीन तासांत आहेत.

त्या काळचा व्हिडिओ आजच्या पडद्यावर नीट दाखवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. तेव्हाचं चित्र ५७६ ओळींचं, सेकंदाला पंचवीस चित्रं; पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत नोंदवलेलं. आधी विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. जुने काचेचे टीव्ही ते तसंच दोन हप्त्यांत दाखवायचे. आताचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, त्यामुळे माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हे दात काढायचं काम टीव्हीला किंवा संगणकाला करावं लागतं, आणि ते चांगलं केलं तर सेकंदाला पन्नास सबंध चित्रं मिळतात. त्यातून माझा लॅपटॉप सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. पन्नास साठांत बसत नाहीत, म्हणून दर थोड्या वेळाने चित्र अडखळतं. नाचणारी वरात असेल तर सगळेच जण लंगडतात. इथल्या टीव्हीला पन्नासची गती कळते, कारण भारत आणि युरोप दोन्हीकडची प्रक्षेपणाची पद्धत पन्नासवरच आधारलेली. संगणकाला फक्त बजावून सांगावं लागतं की बाबा रे, या फायलीला पन्नास. कोडी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फायलीच्या गतीप्रमाणे पडद्याची गती आपोआप बदलायची सोय आहे. हा प्रोग्राम मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी लोकांनी बनवला होता.

टीव्हीच्या मागे थेट हार्ड डिस्क लावता येतेच, मग मध्ये संगणक कशाला, असं बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण टीव्हीला कुठल्या फायली कळतात हे टीव्हीच्या मर्जीवर असतं. काहींना डीटीएस जातीचा आवाज कळत नाही, चित्र येतं आणि माणसं मुकी. काहींना डिस्कची मांडणी कळत नाही. जुन्या फॅट३२ मांडणीत तर चार जीबीहून मोठी फाइलच मावत नाही. आणि देवनागरी! बाबांसाठी मराठी सबटायटल असलेले दोन-तीन सिनेमे मी जमवले होते. टीव्हीच्या अंगच्या प्रोग्रामांना जोडाक्षरं जमतीलच याची खात्री नसते. कधी नुसते चौकोन, कधी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसासमोर तसली वेलांटी ठेवायची माझी छाती नव्हती.

शिवाय आजचा टीव्ही हा नुसता पडदा नाही, तोही आपल्याकडे बघत असतो. पडद्यावर काय चाललंय याचे नमुने घेऊन कंपनीला कळवायची सोय बहुतेक टीव्हींमध्ये असते. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ या कंपनीने ग्राहकांची परवानगी न घेता असं केल्याच्या तक्रारीवर २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. २०२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या आणि इतर काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की टीव्हीला लॅपटॉप जोडून नुसता पडदा म्हणून वापरलं तरी ही मोजदाद चालू राहते. सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला की थांबते, हेही त्यांनीच दाखवलं. तेव्हा नवा टीव्ही आल्यावर नारळ फोडायच्या आधी ती सेटिंग शोधा. अजून एक: ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू आहे की इंटरनेटला जोडायची वस्तू विकताना तिला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळणार हे कंपनीने सांगितलंच पाहिजे. मी ते आकडे शोधून वाचले. पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातली अक्कल त्याच्या निम्मी वर्षंही टिकेल याची हमी नसते. म्हणून अक्कल वेगळ्या छोट्या डबीत ठेवावी आणि ती जुनी झाली की डबी बदलावी, या मताचा मी आहे.

इथवर सगळं माझ्या मनासारखं ठरलं होतं. पंचावन्न इंची साधा एलसीडी, मागे वहीएवढा छोटा संगणक, त्यावर कोडी, बिनतारी कीबोर्ड. मी कागदावर आकृती काढून बायकोला दाखवली. तिने ती नीट बघितली आणि म्हणाली, "आणि आई हे दुपारी एकट्या लावणार?"

सगळी आकृती तिथेच कोसळली.

कारण खरी कसोटी तीच होती. मी ऑफिसात असताना, फोन न करता, चष्मा शोधायच्या आत, आईला तिची मालिका लावता आली पाहिजे. ती परक्या देशात आधीच पन्नास गोष्टी दुसऱ्याला विचारून करणार: नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, बस कुठे थांबते, दुधाच्या कुठल्या झाकणाचं दूध घ्यायचं. त्यात अजून एक भर नको होती. सांगलीच्या घरात रिमोट तिच्या ताब्यात असतो. इथेही तो तिच्याच ताब्यात राहायला हवा होता.

सुदैवाने एचडीएमआयच्या तारेतच याचं उत्तर असतं. 'सीईसी' नावाची एक सोय आहे. तिने टीव्हीचा रिमोट तारेतून पलीकडच्या यंत्रालाही चालवतो. प्रत्येक कंपनी तिला स्वतःचं वेगळंच नाव देते, त्यामुळे लोकांना ती आहे हेच कळत नाही. साध्या संगणकांना सहसा ती जमत नाही, पण रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकाला येते. हा संगणकही इथलाच, केंब्रिजचा, २०१२ सालचा. म्हणजे एक रिमोट, त्यावर मालिकेच्या ॲपचं बटण आणि घरच्या फायलींसाठी फक्त बाणाची बटणं. कीबोर्ड रद्द.

खिशात पेनड्राइव्ह घेऊन मी दुकानात गेलो. दुकानात सगळे टीव्ही भडक मांडणीत लावलेले असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात शेजारच्यापेक्षा जास्त चमकायचं एवढंच त्यांचं काम. मी विक्रेतीला विनंती करून साधी मांडणी लावायला सांगितली आणि आत्याच्या लग्नाचा तुकडा लावला. आजूबाजूच्या तीस पडद्यांवर आफ्रिकेतले पोपट आणि आइसलँडचे धबधबे चालले होते, आणि मधल्या एका पडद्यावर मिरजेच्या मंगल कार्यालयात अक्षता वाटणं चाललं होतं. ती बाई दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोण, लव?" शेफील्डमध्ये अनोळखी माणसालाही प्रेमाने लव म्हणतात. मी म्हटलं, माझे आजोबा. मग तिने स्वतःहून मागच्या बाजूचे तीन टीव्ही लावून दाखवले आणि त्यातला कंगव्याचे दात सर्वात चांगले काढणारा आम्ही घेतला. चारशे पौंडांच्या आसपास पडला. रोज चार तास चालला आणि शंभर वॅट घेतले तर वर्षाला १४६ युनिट होतात. युनिटला पाव पौंड धरला तर छत्तीस-सदतीस पौंड. म्हणजे लायसनपेक्षा वीज स्वस्त.

लायसन मात्र शेवटी घेतलं. आईने कबूल केलं होतं, बाबाही म्हणाले होते की क्रिकेटचा स्कोअर मी मोबाइलवर बघीन. पण मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं की घरात दोघंच आहेत, चुकून बोट दुसऱ्या बटणावर पडलंय आणि दार वाजलंय. वयाच्या सत्तरीला आलेल्या माणसांनी मुलाच्या घरात 'हे बटण कायदेशीर आहे ना?' असं घाबरत टीव्ही का बघावा? ती परत गेल्यावर थेट काही बघणार नसू तर लायसन रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. बाबांनी लायसनच्या ईमेलची प्रत छापून मागितली आणि घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. आजोबांच्या पुस्तकाशेजारी ठेवणार म्हणे.

आईने आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहीत रिमोटची कृती लिहून घेतली, एखाद्या पदार्थासारखी. 'लाल बटण. वाट बघणे. घराचं चित्र. उजवीकडे दोनदा. मधलं गोल. आवाज बाबांच्या मनाने वाढवू नये.' तिसऱ्या दिवसापासून तिला वही लागली नाही. बाबांच्या कानासाठी मी कोडीत संवादांचा आवाज जरा उचलून ठेवला. त्यांना सांगितलं नाही. 'इथे आवाज फार स्वच्छ येतो, तिकडची केबलच खराब आहे' असं त्यांनी सांगलीला फोन करून कळवलं.

बायकोच्या प्रश्नाचं काय? टीव्ही दुपारी दीड-दोन तास चालायचा आणि संध्याकाळी थोडा. उरलेल्या वेळात आई-बाबा दोघं पावसाची उघडीप बघून टेकडीवरच्या बागेत जायची, आई शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना खुणांनी शिरा शिकवायची. टीव्हीने त्यांचं एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. पण दुपारचे अडीच ते चार, जेव्हा बाहेर उजेड संपत येतो, घर गप्प असतं आणि माणसाला उगीच सगळं आठवतं, तेवढा वेळ घरात मराठी बोलणं चालू राहायचं. तेवढंच काम त्याच्याकडून हवं होतं.

आणि लग्नाची फाइल? ती एका रविवारी लावली. पंचावन्न इंची पडद्यावर ५७६ ओळी म्हणजे एक ओळ जवळजवळ १.२ मिलीमीटरची. सोफ्यावरून चित्र धुरकट दिसतं, ठिपके कळतात. टीव्हीने चित्र ताणून सगळ्या वऱ्हाडाला लठ्ठ केलं होतं, ते मी चौकोनी मापावर आणलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. गणिताने हे चित्र स्वच्छ दिसायला चार मीटरवर उभं राहायला हवं. चार मीटर आमच्या खोलीत नाहीत. मी हे काही बोललो नव्हतो. बाबा उठले, एक-एक पाऊल मागे जात स्वयंपाकघराच्या दारात गेले, चौकटीला टेकले आणि म्हणाले, "इथून अण्णा बरोबर दिसतात."

पडद्यावर आजोबा कॅमेऱ्याला हाताने 'पुढे जा' म्हणत होते. चिरंजीवांनी विचारलं, "हे कोण?" आणि बाबांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली. ते सांगणं त्या तीन तासांच्या फायलीपेक्षा लांबलं.

तुमच्यापैकी कोणी मुलांकडे परदेशी निघाला असाल तर एवढंच सांगतो. जुन्या कॅसेट असतील तर आत्ताच संगणकावर उतरवून घ्या, कारण टेप आणि त्या वाजवणारी यंत्रं दोन्ही संपत चालली आहेत. उतरवणारा 'एचडी करून देतो, फुल स्क्रीन करून देतो' म्हणेल. त्याला नको म्हणा, आहे तशी फाइल मागा. डिस्क दोन करा आणि एक घरी ठेवा. आणि मुलगा टीव्ही घ्यायला निघाला असेल तर त्याला इंच, निट, हर्ट्झ काय ते बघू द्या, तेवढी हौस असते त्याला. तुम्ही फक्त विचारा, रिमोट कोणाच्या हातात राहणार?